खडीतली चार अंडी, लंगडं सोंग आणि चढणारं पाणी

मोजपट्टी

नमस्कार मंडळी. पक्ष्यांतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझं काम नदीची पातळी मोजण्याचं. काठाजवळ पाण्यात उभ्या केलेल्या मोजपट्टीवरचा आकडा सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला वाचायचा, वहीत लिहायचा आणि फोनवर कळवायचा. पायऱ्या उतरल्या की मोजपट्टीपर्यंत ऐंशी पावलं खडीतून जावं लागतं. पाणी ओसरल्यापासून ती पुळण उघडी पडलीय. वाटाण्याएवढ्या खड्यांपासून मुठीएवढ्या गोट्यांपर्यंत सगळं, मधे वाळूचा एक पट्टा, आणि हिरवं म्हणाल तर दोन-चार काड्या.

या खडीत एक जोडी असते. चिमणीहून जरा मोठी, पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरं, गळ्याखाली काळा पट्टा आणि डोळ्याभोवती पिवळंधमक कडं. तुरुतुरु धावतात, झटक्यात थांबतात, वाकून काहीतरी टिपतात, पुन्हा धावतात. धावताना दिसतात, थांबले की गायब.

सोमवारी त्यातला एक माझ्यापुढे लंगडायला लागला. एक पंख जमिनीवर घासत, शेपटी पसरून, केविलवाणा ओरडत. मला वाटलं कुत्र्याने धरला असेल, म्हणून ओढणीत घ्यायला मागे गेले. तीसेक पावलं मला लांब नेलं आणि बाईसाहेब (की बुवा?) ठणठणीत उडून गेल्या. मंगळवारी त्याच जागी जपून चालले आणि पाय टाकणार तोच खाली चार अंडी! घरटं असं काही नाहीच. बशीएवढी खळगी, तळाला बारीक खडे, आणि चार ठिपकेदार अंडी, टोकं आत करून अधिकचिन्हासारखी मांडलेली.

आता खरी अडचण. शुक्रवारी धरणातून पाणी सोडणार आहेत. आजचं रीडिंग १.२२ मीटर. अंडी डोळ्याच्या अंदाजाने मोजपट्टीच्या १.६० च्या रेषेला येतात. मागच्या वेळी पाणी सोडलं तेव्हा १.७५ पर्यंत चढलं होतं. म्हणजे हिशोब सरळ आहे.

वाळूसकट घमेल्यात उचलून वर पायऱ्यांजवळ ठेवली तर चालेल का? घमेलं तयार आहे. लवकर सांगा.


भरारी

ताई, फोटो टाका ना! वर्णनावरून केंटिश चिखल्या वाटतोय. आणि तोवर अंड्यांच्या चारी बाजूंना चार मोठे दगड ठेवा, म्हणजे कुणाचा पाय पडणार नाही. मी मागे टिटवीच्या अंड्यांना असंच केलं होतं. घमेल्याची आयडिया भारी आहे, करून बघा.


तीन_बोटं

मोजपट्टीताई, उत्तर पहिल्याच वाक्यात देतो, बाकीचं सावकाश वाचा: घमेलं घरी ठेवा.

भरारी, तुमचा उत्साह कळतो, पण तिन्ही गोष्टी चुकल्या. केंटिशच्या छातीवरचा पट्टा समोर जुळत नाही, दोन बाजूंना काळे डाग राहतात, आणि त्याच्या डोळ्याला असं कडं नसतं. पूर्ण काळा गळपट्टा आणि पिवळं कडं म्हणजे कंठेरी चिखल्या. लांबी चोचीपासून शेपटीपर्यंत पंधरा-सोळा सेंटिमीटर, वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास. याचा एक मोठा भाऊबंद आहे, त्याचे पाय नारिंगी असतात, चोचीचा बुडखा नारिंगी असतो आणि उडताना पंखावर पांढरी रेघ दिसते. ताईंच्या पाहुण्याच्या पंखावर ती दिसणार नाही. आवाजही वेगळा. आपला वाला "पिऊ" म्हणतो, सूर खाली सोडत. मोठा वर चढवतो. एकदा कानात बसला की दुर्बिणीची गरज उरत नाही.

दगडांचं म्हणाल तर, या पक्ष्याची सगळी मालमत्ता म्हणजे "इथे काही नाही" असं वाटणं. त्याच्याकडे काटेरी झुडूप नाही, उंच फांदी नाही, टिटवीसारखा डोक्यावर झडप घालायचा दांडगेपणा नाही. अंड्यांवरचे ठिपके, पिल्लांची लव, त्याची पाठ, सगळं खडीच्या रंगाचं. गळ्यातला तो काळा पट्टासुद्धा नटण्यापुरता नाही. त्यामुळे पक्ष्याचा आकार मधेच तुटतो आणि डोळ्याला दोन खडे दिसतात, एक पक्षी दिसत नाही. अशा ठिकाणी चार दगड चौकोनात मांडले की कावळ्याला पत्ता लिहून दिल्यासारखं होतं. कावळा अंडी शोधत नाही, तो तुम्हाला बघतो. तुम्ही कुठे थांबलात, कुठे वाकलात, हे तो पायऱ्यांवर बसून टिपून ठेवतो. म्हणून ताई, चालत राहा, थांबू नका, खाली बघायचं तर मान न वळवता बघा. जागा लक्षात ठेवायची असेल तर जे आधीपासून आहे त्यावरून ठेवा. मोजपट्टी आणि तिसरी पायरी यांच्या मधली रेघ, असं काहीतरी.

लंगडण्याचं सोंग तुम्ही पाहिलंत, नशीबवान आहात. त्यात एक बारकावा आहे. तुम्ही घरट्यापासून लांब असाल तर तो नुसता धावतो. थोड्या जवळ आलात तर भलत्याच जागी जाऊन अंडी उबवल्यासारखा बसतो, की तुम्ही फसून तिकडे जावं. अगदी जवळ आलात तरच पंख मोडतो. तो पंख मोडून दाखवतोय म्हणजे तुम्ही फार जवळ आहात. ते मिनिटं मोजण्यासारखं आहे: तुमच्यासाठी नाटक चालू आहे तेवढा वेळ अंडी उघडी आहेत. सकाळी आठला ठीक. दुपारी तापलेल्या खडीवर उघडं अंडं फार वेळ टिकत नाही. थंडीपेक्षा ऊन लवकर मारतं.

आता पाणी.

मी एकाच पुळणीवर नऊ उन्हाळे बसलोय. घडीचं स्टूल, एक जुनी दुर्बीण, आणि दुखरा डावा गुडघा. पाचव्या उन्हाळ्यात अगदी तुमच्यासारखीच वेळ आली होती. पाणी चढत होतं, घरट्यापासून पाऊण हात राहिलं होतं. मी शहाणपणा केला. घरट्याच्या शेजारी गोट्यांचा ढीग रचला, वर वाळू पसरली, खळगी केली आणि अंडी हाताने उचलून त्यात ठेवली. टोकं आत करून, अगदी तशीच. मग लांब जाऊन बसलो. मादी आली. जुन्या जागी बसली. तिथे काहीच नव्हतं, तरी बसली. उठली, फिरली, परत तिथेच बसली. ढिगाकडे तिने बघितलंही नाही. वीस मिनिटांनी कावळा आला आणि एकेक करून चार खेपांत अंडी घेऊन गेला. त्या दिवशी पाणी घरट्यापर्यंत चढलंच नाही, हे तुम्हाला सांगायला नको होतं, पण सांगतो.

अनुभवी अभ्यासक अंडी सरकवतात, हे खरं. पण ते एका वेळी वीतभर सरकवतात, पक्षी परत बसला हे बघतात, मग पुढची वीत. त्याला दिवस लागतात. तुमच्याकडे शुक्रवारपर्यंतचाच वेळ आहे, आणि पायऱ्या कितीतरी दूर आहेत.

आणि दुसरं असं, की पाणी त्याचं शत्रू आहे असं आपल्याला वाटतं. त्याला तसं वाटत असेल का, मला शंका आहे. ही पुळण कुणी केली? पुराने. दरवर्षी पूर येतो, गवत उपटतो, गाळ धुऊन नेतो, नवी खडी आणून टाकतो. पूर थांबला की दोन-तीन वर्षांत खडीवर गवत चढतं, मग झुडपं, आणि चिखल्या निघून जातो, कारण गवतात त्याला लांबचं दिसत नाही. बांध घालून ज्या नद्यांचे पूर बंद केले तिथल्या पुळणी अशाच हिरव्या झाल्या. मग हा पक्षी खडीच्या खाणी, रिकामे मैले तलाव, कुठे नुसतं सपाटीकरण केलेलं मैदान असल्या जागा धरतो. इंग्लंडात तो पहिल्यांदा घरटं करताना सापडला १९३८ साली, ट्रिंगच्या जलाशयाच्या उघड्या पडलेल्या तळावर. नंतर तिथे तो पसरला तो बांधकामासाठी खडी उपसलेल्या खड्ड्यांमधून. म्हणजे उद्ध्वस्त जमीन हीच त्याची जमीन. जे पाणी अंडी नेतं तेच पुढच्या वर्षीची जागा करून ठेवतं. हा सौदा त्याने माणूस यायच्या कितीतरी आधी केलाय आणि त्यात अंडी बुडणं धरलेलं आहे. म्हणूनच एक वीण गेली तर तो दुसरी घालतो, तीही गेली तर कधी तिसरी.

तेव्हा शुक्रवारी रीडिंग घ्या, आकडा कळवा, आणि घरी जा. किती दिवसांपासून बसलेत, काही अंदाज?


शंकासुर

वाचतोय, छान धागा. तीन_बोटं, दोन शंका. एक, हे नाव काय भानगड आहे? दोन, धावतो-थांबतो-टिपतो असं का? तुतवार तर सारखा चालत चालत चोच खुपसत असतो.


तीन_बोटं

नाव पक्ष्याचंच आहे. चिखल्याला मागचं बोट नसतं, पुढची तीनच. ओल्या गाळात ठसे बघा: तुतवाराच्या ठशामागे बारीकशी टिकली असते, याच्या मागे काही नाही. मी ठशांवरून शिकलो, पक्षी नंतर दिसले.

दुसरी शंका चांगली आहे. तुतवाराची चोच लांब, टोक संवेदनशील, तो चाचपून खातो. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो बघून खातो. धावताना सगळं जगच हलतं, तेव्हा हलणारा किडा वेगळा कसा दिसणार? म्हणून थांबायचं. थांबलं की जे हलतं ते खाणं. माशा, भुंगेरे, कोळी, पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या. काही हललं नाही तर तो हलवतो: एक पाय पुढे टाकून ओल्या वाळूवर थरथरवतो, शिवणयंत्राच्या सुईसारखा, आणि खालून काय घाबरून निघतं ते बघतो. त्या मोठ्या डोळ्यांमुळे रात्रीही चरतो. चांदण्यात पुळणीवरून "पिऊ" ऐकू आलं तर भूत नाही.

शास्त्रीय नावाचीही गंमत आहे. १७८६ साली स्कोपोली नावाच्या निसर्गअभ्यासकाने नाव दिलं ते "डुबियस", म्हणजे शंकास्पद. फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटावरचा पक्षी होता, आणि तो मोठ्या भाऊबंदाचाच एखादा प्रकार तर नाही, अशी शंका होती. शंका फिटली, नाव राहिलं. अलीकडे शास्त्रीय नावाचा पहिला शब्दच बदलून टाकला आहे, पण "शंकास्पद" तसंच आहे. शंकासुर, तुमचं गोत्र लागतंय.

बाकी आपल्याकडे बारमाही राहणारे असतात ते जेर्डोनी उपजातीचे, जरा लहान, डोळ्याचं कडं जरा जाड. थंडीत उत्तरेकडून दुसरे येतात, ते कुरोनिकस. थंडीत दोघेही मळकट दिसतात आणि एकत्र चरतात, तेव्हा कोण कुठला हे सांगणाऱ्याला मी लांबून नमस्कार करतो.


मोजपट्टी

शुक्रवार. संध्याकाळचं रीडिंग १.७१.

दुपारी तीनपासून चढायला लागलं. मी चौथ्या पायरीवर बसले होते, खाली गेले नाही. मादी (मला वाटतं मादी, पट्टा जरा तपकिरी आहे) शेवटपर्यंत बसून होती. पाणी पोटाला लागलं तेव्हा उठली, चोचीने काहीतरी खालीवर केलं, परत बसली. परत उठली. मग दोघंही वरच्या कडेला धावत फिरत राहिले, मधूनमधून "पिऊ". मी आकडा कळवला आणि घरी आले. जेवले नाही.

तीन_बोटं काका, तुमचं सगळं पटलं होतं. तरी घमेलं डोळ्यापुढे येतं.


तीन_बोटं

येणारच. माझा गोट्यांचा ढीग माझ्याही डोळ्यापुढून अजून गेला नाही.

पाणी उतरल्यावर दोन-तीन दिवस पुळणीवर जाऊ नका असं म्हणणार होतो, पण तुमचं कामच आहे. मग सरळ रेषेत जा आणि रोज त्याच रेषेत. पक्ष्यांना रोजची वाट कळते, नवी वाट झोंबते.


भरारी

ताई, वाईट वाटलं. दगडांबद्दल मी बोललो ते मागे घेतो. टिटवीच्या त्या अंड्यांचं पुढे काय झालं ते मी बघायला गेलोच नव्हतो, हे आत्ता लक्षात आलं.


मोजपट्टी

धागा वर काढते. अकरा दिवस झाले. पाणी उतरलं, आज सकाळी १.२४.

पुळण बदललीय. खालच्या टोकाला होती ती वाळू गेली आणि मोजपट्टीच्या वरच्या अंगाला नवी खडी येऊन पडलीय, धुतलेली, उजळ. आणि त्यावर ते दोघं! नर हवेत फार विचित्र उडत होता, पंख फुलपाखरासारखे सावकाश, एका कुशीवर कलंडत, गोल गोल, सतत ओरडत. मग उतरला, छाती जमिनीला टेकवली, पायांनी मागे वाळू उडवली आणि गोल फिरला. एक खळगी झाली की दुसरीकडे. मी चार मोजल्या. मादी एकेक बघायला जाते, तो शेपटी वर करून बाजूला उभा राहतो, ती आत बसून बघते आणि उठून निघून जाते. मला घर बघायला आलेली बाई आणि दलाल आठवले.

हे सगळं पायरीवरून पाहिलं. अंदाजाने नवी जागा १.८५ च्या रेषेला आहे. म्हणजे आधीपेक्षा वर. हे ते शिकले का?


तीन_बोटं

शिकले म्हणायला मन होतं, पण मी म्हणणार नाही. पुराने नवी खडी जिथे टाकली तिथे ते गेले, आणि पुराने खडी वर टाकली कारण पूर वर आला होता. तरी १.८५ हा आकडा मला आवडला.

आता हिशोब लिहून ठेवा. अंडी एकदम पडत नाहीत, साधारण दिवसाआड एक. त्याच्या वजनाच्या मानाने अंडं मोठं असतं, चारही मिळून मादीच्या वजनाच्या अर्ध्याहून बरीच जास्त भरतात. एवढं घालायचं तर खायला वेळ हवाच. चौथं पडेपर्यंत नीट बसत नाहीत, म्हणजे सगळी पिल्लं एकाच वेळी निघतात. बसायला लागले की साधारण चोवीस-पंचवीस दिवस. दोघंही पाळीने बसतात. पाळी बदलताना जो येतो तो थेट येत नाही, धावत, थांबत, इकडेतिकडे टिपल्याचं नाटक करत येतो. तो कुठे नाहीसा होतो ते बघा, घरटं तिथे.


मोजपट्टी

एकोणिसाव्या दिवसापासून बसलेत.

काल दुरुस्तीसाठी म्हणून दुपारी एकला जावं लागलं. पायरीला हात लावता येत नव्हता. घरट्यावर जो होता तो बसलेला नव्हता, उभा होता. अंड्यांवर उभा राहून पंख थोडे बाजूला सोडले होते, चोच उघडी, घशाखालचा भाग थरथरत होता. स्वतःच्या सावलीत अंडी ठेवून उभा. मग दुसरा आला, तो आधी पाण्यात पोटापर्यंत जाऊन बसला, उठला आणि धावत घरट्यावर. हे आंघोळ करून कामावर जाण्यासारखं आहे की मी उगाच अर्थ काढतेय?


तीन_बोटं

उगाच नाही. पोट भिजवून अंड्यांवर जाणं हे टिटवीत चांगलं नोंदलेलं आहे, आणि चिखल्याच्या बाबतीत माझ्या स्वतःच्या वहीत अशा अकरा नोंदी आहेत, सगळ्या दुपारी बारा ते तीनमधल्या. अंड्यांना ओल लागते, ती सुकताना गारवा येतो. माठाचं तत्त्व.

तुम्ही किती वेळ थांबलात तेवढं सांगा.


मोजपट्टी

चार मिनिटं. घड्याळ लावून.


शंकासुर

"घड्याळ लावून" वाचून हसलो. हा धागा मी आता रोज उघडतो, सवय झालीय.


मोजपट्टी

पाणी सोडल्याला आज त्रेचाळीस दिवस झाले.

सकाळी आठ. पायऱ्या उतरतानाच नेहमीची "पिऊ" नव्हती, त्याऐवजी बारीक, घाईघाईची हाक होती. नर माझ्यासमोर आला आणि पंख मोडून पडला, घरट्यापासून कितीतरी लांब. म्हणजे काका, तुमच्या नियमाप्रमाणे मी फार जवळ असायला हवी होते. पण घरटं तर तिकडे होतं. मग कळलं, ज्यासाठी तो पंख मोडत होता ते घरट्यात नव्हतं, माझ्या वाटेवर होतं.

मी जागची हलले नाही. तीन मिनिटांनी एका गोट्याला पाय फुटले. करड्या कापसाचा बोळा, मानेभोवती पांढरी पट्टी, पाय मात्र जवळजवळ आईएवढे. धावला, थांबला, वाकून टिपलं. आदल्या दिवशी अंड्यात असेल आणि स्वतःचं स्वतः खातोय! मादीने एक वेगळाच आवाज काढला आणि तो जागच्या जागी चपटा झाला. मी त्याच्याकडेच बघत होते तरी हरवला.

मग मी उलट पावली पायऱ्यांवर गेले आणि वीस मिनिटं बसले. मादी खडीत थांबली, अंग फुगवलं आणि वेगवेगळ्या दिशांनी एकेक जण येऊन तिच्या पोटाखाली शिरला. शेवटी तिच्या खाली भलतेच पाय दिसत होते. तिचे दोन धरून आठ मोजले. म्हणजे तीन पिल्लं. चौथं अंडं फुटलं नाही की चौथं कुठे दबून बसलं होतं, ते बघायला गेले नाही. घरट्याजवळ टरफलंही दिसली नाहीत.

सकाळचं रीडिंग आज आठऐवजी आठ वाजून एकतीस मिनिटांनी कळवलं. वरून विचारणा झाली, उशीर का. "पाण्यापर्यंत वाट मोकळी नव्हती," असं लिहिलंय.


तीन_बोटं

वाट साधारण पंचवीस दिवस मोकळी नसेल, तेवढ्यात ती उडायला लागतात. टरफलं आईबाप उचलून लांब नेऊन टाकतात, आतली पांढरी बाजू लांबून चमकते म्हणून. एखाद वेळी पिल्लं चपटी झालेली असताना तुमच्या पायाखाली येऊ शकतात, तेव्हा पाय उचलून नाही, सरकवत चाला.

माझ्या पुळणीवर या वर्षी कुणीच बसलं नाही. गवत आलंय. तुमचं रीडिंग काय होतं आज?


मोजपट्टी

१.१८.